खराद : लाख, लाकूड आणि दोरी ओढणारे हात

मदिनेच्या मशिदीत हजरत पैगंबरांसाठी (स.) पहिला मिंबर तयार झाला, त्याची हकिकत हदीसग्रंथांत आली आहे. एका अन्सारी स्त्रीकडे सुतारकाम जाणणारा एक गुलाम होता. गाबा नावाच्या रानातले झाऊचे लाकूड आणून त्याने तो मिंबर घडवला. लाकूड कोणते, ते कुठून आणले, पायऱ्या किती होत्या, हे सगळे पुढच्या पिढ्यांनी जपून सांगितले. घडवणाऱ्याचे नाव काय, यावर मात्र हदीसच्या जाणकारांत एकमत नाही. वेगवेगळी नावे सांगितली जातात.

कारागिरांच्या इतिहासाची हीच खरी अडचण आहे. वस्तू टिकते, वापरणाऱ्याचे नाव टिकते, घडवणारा हरवतो. मुस्लिम समाजाच्या मराठी इतिहासातही असेच झाले. बहमनी सुलतान, निजामशाही, आदिलशाही, सरदार, सुभेदार यांच्यावर आपण पुष्कळ लिहिले. सूफी संतांवर आणि मुस्लिम मराठी संतकवींवरही चांगले काम झाले. परंतु आपल्यातले बहुसंख्य लोक ना सरदारांचे वंशज, ना सुफींचे. ते पिंजारी, मोमीन, शिकलगार, मणियार, तांबोळी, आतार, बागवान यांचे वंशज आहेत. हाताला कसब आणि कसबावर पोट, हीच त्यांची वंशावळ. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा ही गोष्ट प्रथमच उघडपणे बोलली गेली. तरीही एकेका हुन्नराचा इतिहास लिहिण्याचे काम बरेचसे राहूनच गेले.

या लेखात आम्ही अशाच एका हुन्नराचा विचार करणार आहोत. तो म्हणजे खराद, लाकूड फिरते ठेवून त्याला धारेने गोलाई देण्याची कला. आमचा गोंदिया जिल्हा या कलेसाठी प्रसिद्ध नाही. मग गोंदियातून हा विषय कशासाठी? कारण या कलेला जी वस्तू हवी असते, रंग आणि चकाकी देणारी लाख, ती आमच्या जंगलात पिकते. वस्तू आमची, हात दुसऱ्यांचे आणि नाव तिसऱ्याचे, असे का झाले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

सुताराच्या पेटीतले शब्द

प्रथम शब्दांकडे पाहू. लाकूड कातून गोल करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. उत्तरेत आणि गुजरातेत त्यालाच खरादी म्हणतात. खराद हा शब्द अरबी 'खर्रात' या शब्दाशी जोडलेला आहे. खर्रात म्हणजे लाकूड कातणारा. फारसीतून तो उर्दू-हिंदीत आला आणि तिथून आपल्याकडेही पोचला. गुजरातेत खरादी हे आडनाव हिंदूंत आहे आणि मुसलमानांतही आहे. धर्म दोन, पण आडनाव धंद्याने दिले.

एवढ्यावरच हे थांबत नाही. कोणत्याही मराठी सुताराची पेटी उघडा. रंधा हा फारसी रंदा. भोक पाडणारा बर्मा फारसी. वर्तुळ काढणारा परकार फारसीतून आलेला. काटकोन तपासायचा गुण्या म्हणजे फारसी गुनिया. मेख फारसी, कारागीर फारसी, कारखाना फारसी, हुन्नर फारसी. कसब हा शब्द तर अरबी असून त्याचा मूळ अर्थ कमाई असा आहे. मराठीने कमाईच्या शब्दाला कौशल्याचा अर्थ दिला, हे मराठीचे मोठेपण म्हटले पाहिजे. आणि त्याच पेटीत करवत आहे, सूत आहे, ओळंबा आहे. हे सारे शब्द एका पेटीत शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यात कधी दंगल झाल्याचे ऐकिवात नाही. मराठी भाषा आपली की परकी, असा प्रश्न मुसलमानांना विचारणाऱ्यांनी कधी तरी सुताराच्या दुकानात जाऊन बसावे.

हातकामाला आपल्या धर्मपरंपरेतही मान आहे. हजरत जकरिया (अ.) सुतार होते असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हेही तिथेच सांगितले आहे. असे असूनही 'कारखानदार' म्हटले की आपण खुर्ची देतो आणि 'कारागीर' म्हटले की उभे ठेवतो.

दोन माणसांचे यंत्र

खराद हे फार जुने यंत्र आहे. त्याची रचना साधी असते. दोन खुंट्यांमध्ये लाकडाचा तुकडा असा अडकवायचा की तो स्वतःभोवती फिरेल. त्याला दोरीचा वेढा द्यायचा. दोरी ओढली की लाकूड एका दिशेने फिरते, दुसरे टोक ओढले की उलट फिरते. फिरत्या लाकडाला पटाशीची धार लावली की साल निघते आणि गोल आकार उमटू लागतो. लाकूड कारागिराच्या दिशेने फिरते तेवढ्याच वेळात पटाशी कापते. उलट फेऱ्यात तिला थोडी मागे घ्यावी लागते. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ वाट पाहणे.

काही ठिकाणी कारागीर एका हाताने कमान चालवतो आणि दुसऱ्या हाताने पटाशी धरतो. तिला टेकू द्यायला पायाची बोटे वापरतो. कैरोच्या कारागिरांची ही पद्धत होती. कच्छमध्ये निरोणा गावचे वाढा समाजाचे कारागीर आजही हाताच्या साध्या खरादीवर लाखेचे काम करतात. परंतु वस्तू मोठी असली, पलंगाचा पाय किंवा पाळण्याचा खांब असला, की एकट्याचे काम नसते. दोरी ओढायला दुसरे माणूस लागते. हे दुसरे माणूस बहुतेकदा घरचेच असे. कधी बायको, कधी मुलगा, कधी धाकटा भाऊ.

म्हणून खराद हे मुळातच घरातले यंत्र होते. ओसरी हेच दुकान आणि कुटुंब हेच मनुष्यबळ. मुलगा दोरी ओढता ओढता शिकत असे. त्याला कोणी धडे देत नसे. पटाशी नीट लागली की आवाज सुरेल आणि सलग येतो, चुकीची लागली की खरखर होते. हे त्याच्या कानांना आधी कळे, हातांना पुढे कळे. चार-पाच वर्षे दोरी ओढल्यावर एखाद्या दिवशी बाप पटाशी त्याच्या हातात देई. उस्ताद आणि शागीर्द यांचे नाते असे बाप-लेकाच्या नात्यात मुरलेले असे.

दोरी ओढणाऱ्या स्त्रीच्या हातात मात्र पटाशी क्वचितच आली. आयुष्यभर दोरी ओढूनही ती खरादीण झाली नाही, ती खरादीची बायकोच राहिली. तिची मजुरी वेगळी मोजली गेली नाही, कारण ती घरचीच होती. विडी वळणाऱ्या आमच्या भागातल्या स्त्रियांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घरात बसून केलेल्या कामाला काम न म्हणण्याची सवय सर्वच समाजांत आहे, आणि आपला समाज त्याला अपवाद नाही.

कैरोपासून चन्नपट्टणपर्यंत

मुस्लिम जगात या कलेचा सर्वांत देखणा आविष्कार कैरोच्या घरांवर दिसतो. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी जाळीचे सज्जे असतात. त्यांना मशरबिया म्हणतात. हा शब्द 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूवरून आलेला आहे, कारण त्या सज्ज्यात पाण्याची मडकी गार होण्यासाठी ठेवत. वारा आत येई, ऊन अडे. आतल्यांना बाहेरचे दिसे, बाहेरच्यांना आतले दिसत नसे. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सज्ज्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे.

ही जाळी शेकडो लहान गोल तुकड्यांची असते. प्रत्येक तुकडा खरादीवर कातलेला असतो आणि एकात एक बसवून सगळी जोडणी केलेली असते. यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे इजिप्तमध्ये इमारती लाकूड दुर्मीळ. मोठ्या फळ्या परवडत नसत, तेव्हा लहान तुकडे वाया न घालवता वापरले गेले. दुसरे, कोरड्या उष्ण हवेत मोठी फळी वाकते, तडकते. लहान तुकड्यांच्या जोडणीत लाकडाला फुगायला आणि आक्रसायला जागा मिळते. म्हणजे ज्या सौंदर्याची आपण वाहवा करतो ते टंचाईतून जन्मले. लाकूड कमी होते म्हणून अक्कल जास्त लावली गेली.

भारतात या कलेला लाखेची जोड मिळाली. लाखेची ओळख आपल्या देशाला प्राचीन काळापासून आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे. मोगल काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बांधकामाच्या सामानाबरोबर लाखेचीही नोंद केली आहे. चिकांना लाल रंग द्यायचा तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ आणि पिवळा द्यायचा तर हिंगुळाऐवजी हरताळ, असे प्रमाणही त्याने दिले आहे. बादशाही दफ्तरात रंगाऱ्याचे प्रमाण आले, रंगारी आला नाही.

दक्षिणेत चन्नपट्टणची लाखेची खेळणी जगभर गेली. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या या गावात ही कला टिपू सुलतानाने इराणी कारागिरांकडून आणवली, असे तिथली परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी बावस मियां या कारागिराने जपानी पद्धतीचा अभ्यास करून या कामाला नवे वळण दिले, असेही तिथे मानले जाते. त्यांना या खेळण्यांचा जनक म्हणतात. चन्नपट्टणच्या कारागिरांत मुसलमानांची संख्या मोठी आहे आणि तिथे स्त्रिया स्वतः खरादीवर बसतात. दोरी गेली, विजेची मोटर आली, तेव्हा ओढणाऱ्या हातांनी पटाशी धरली. आम्हाला ही घटना टिपूच्या कथेइतकीच ऐतिहासिक वाटते.

महाराष्ट्रात सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्ध आहे. चितारआळीतली लाकडी फळे, पोळपाट-लाटणी, खेळण्यांची भातुकली यांवर कोकणातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. आंध्रातले एटिकोप्पाका, गुजरातेतले संखेडा, उत्तरेतले वाराणसी, अशी ही साखळी देशभर पसरली आहे. या नकाशावर गोंदिया नाही.

गोंदियाची लाख गेली कुठे?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण गोंदियाची पेठ त्याहून बरीच जुनी आहे. गावाच्या नावाबद्दल लोक सांगतात की आसपासचे गोंड आदिवासी इथे गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख विकायला आणत, त्यावरून गोंदिया. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या सांगण्यात गावाचा मूळ धंदा सापडतो.

लाख हा एका अतिशय लहान किडीचा स्राव आहे. ही कीड पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसते, रस शोषते आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच करते. कवचांनी मढलेल्या काड्या तोडून आणतात. पळस आणि बोरीवरच्या किडीला रंगिनी म्हणतात. तिची पिके बैसाखी आणि कतकी. कुसुमावरची ती कुसुमी, तिची पिके जेठवी आणि अघनी. पिकांची ही नावे महिन्यांवरून पडली आहेत. कुसुमी लाख रंगाने फिकी, म्हणून भावाने वरचढ. महाराष्ट्रात लाख मुख्यतः गोंदिया आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतच होते.

काड्यांवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन जे दाणे होतात त्यांना व्यापारात चौरी म्हणतात. चौरी लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर धरतात आणि पिशवीला पीळ देत जातात. वितळलेली लाख कापडातून पाझरते. ती गरम असतानाच पातळ ताणली की चपडा तयार होतो. फर्निचरला पॉलिश करणारे आपले कारागीर स्पिरिटमध्ये जो चपडा विरघळवतात तो हाच.

१८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि नागपूरहून छत्तीसगडमार्गे कलकत्त्याकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनीवर गोंदिया आले. १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही छोटी लाइन सुरू झाली. सातपुड्याच्या जंगलाचा माल आता थेट गोंदियात उतरू लागला. लाखेची पेठ वाढली, लाख गाळण्याचे कारखानेही निघाले. पण मालाचे तोंड कलकत्त्याकडे होते आणि कलकत्त्याचे तोंड समुद्राकडे.

समुद्रापलीकडे लाखेचे काय होत होते? तिथे ग्रामोफोनच्या तबकड्या बनत होत्या. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात आणि आगबोटीने परत हिंदुस्थानात विकायला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदा इथे तबकड्यांचा कारखाना निघेपर्यंत हाच क्रम चालू होता. मिरजेच्या मातीत रमलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाजही असाच लाखेच्या तबकड्यांवर जिवंत राहिला. एखाद्या तबकडीत कोणत्या जंगलाची लाख आहे, हे तबकडीवर लिहिलेले नसते. गायकाचे नाव असते, कंपनीचे असते. पळसाच्या फांद्या छाटणाऱ्या गोंडाचे नसते आणि भट्टीसमोर भाजणाऱ्या मजुराचेही नसते.

१९४८ मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकची लाँग-प्ले तबकडी आली. हळूहळू लाखेच्या तबकड्या बंद झाल्या. त्याआधी एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंगांनी लाखेच्या लाल रंगाचा बाजार असाच बसवला होता. दोन्ही वेळा निर्णय दूर कुठे तरी झाला आणि मार बसला तो जंगलातल्या माणसाला. रांचीजवळ नामकुम इथे १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था स्थापन झाली. तिने किडीचा, झाडांचा, पिकाचा सखोल अभ्यास केला आणि त्याचा उपयोगही झाला. पण लाख पिकवणाऱ्याच्या घरात लाखेची वस्तू घडवणारे यंत्र कसे येईल, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हता. तो समाजाचा होता, आणि समाजाने तो विचारला नाही.

कच्चा माल बाहेर जातो तेव्हा त्याच्याबरोबर मजुरी जाते, मजुरीबरोबर कसब जाते आणि कसबाबरोबर नाव जाते. गोंदियाच्या लाखेच्या इतिहासातून आम्ही एवढाच अर्थ काढतो.

ओसरीवरचा लेथ

आता हे सारे बदलण्यासारखे आहे का? आमचे उत्तर होकारार्थी आहे, कारण खराद आज पुन्हा घरात मावण्याइतकी लहान झाली आहे. आयटीआयमध्ये टर्नर म्हटले की लोखंड कातणारा समजतात. त्या यंत्राचा खर्च आणि पसारा मोठा. लाकडाचा लेथ मात्र अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरवर, घरच्या सिंगल फेज विजेवर चालतो. एक मजबूत लाकडी घोडा, त्यावर दोन टोके, मधे पटाशी टेकवण्याचा लोखंडी आधार आणि वेग कमी-जास्त करायला पायऱ्यांची पुली, एवढाच संसार. गावातला सुतार आणि वेल्डिंगवाला मिळून तो उभा करू शकतात.

शिकण्याचा क्रमही ठरलेला आहे आणि तो घाई सहन करत नाही. आधी लाकूड ओळखायचे. आमच्या जंगलपट्टीतला हळदू हा बारीक कणाचा, पिवळसर, कातायला उत्तम. काळा कुडा पांढरा आणि मऊ. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका या दोन्ही गावांची खेळणी याच जातीच्या लाकडाची. शिवण हलकी आणि गुळगुळीत होणारी. जंगलातून लाकूड आणायला कायद्याची बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. पण कैरोचा धडा इथे उपयोगी पडतो. आरामशीनवर पडलेले तुकडे, शेताच्या बांधावरची बोर-बाभूळ, जुन्या पलंगाचे मोडके पाय, यांवर दोन वर्षे शिकता येते. ओले लाकूड तडकते, म्हणून तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा लाख लावून सावलीत ठेवायचे. जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना हिशेब आहे.

मग चौकोनी तुकड्याचे कोपरे रंध्याने काढून तो आठकोनी करायचा, दोन्ही टोकांचे मध्य नेमके शोधायचे आणि लेथवर चढवायचा. मोटर सुरू करण्यापूर्वी हाताने एक पूर्ण फेरा द्यायचा. तुकडा आधाराला कुठे घासत नाही ना, हे पाहायचे. ओढणी, गमछा, सैल बाही, अंगठी, हातमोजे यांतले काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. डोळ्यांवर काच आणि नाकावर फडके हवेच, कारण लाकडाची भुकटी फुप्फुसांत साठते. जाड तुकडा हळू फिरवायचा, बारीक तुकडा वेगाने.

पटाशी धरण्यात सगळी कला आहे. नवशिक्या धार आधी टेकवतो आणि पटाशी लाकडात रुतते, तुकडा उडतो. जाणता कारागीर धारेमागचा उतार आधी टेकवतो. लाकूड त्यावरून नुसते सरकते. मग मूठ हळूच उचलली की धार आपोआप कामाला लागते आणि सालीची लांब वेटोळी सुटू लागते. हे वाचून येत नाही. कोणी तरी मागे उभे राहून आपल्या हातावर हात ठेवावा लागतो. पूर्वी बापाचा हात असे. आज तो हात कुणाचा असेल, हे आपण ठरवायचे आहे.

पहिली वस्तू लाटणे. दुसरी भोवरा, कारण भोवऱ्याचा तोल चुकला तर तो लगेच चुगली करतो. तिसरी, आमच्या मते, तस्बीह. तेहतीस किंवा नव्याण्णव मणी, सारे एका मापाचे. एक मणी सुंदर करणे सोपे असते, नव्याण्णव सारखे करणे हे कसब. मणी कातताना सबुरी शिकवावी लागत नाही, ती येतेच.

शेवटी लाख. रंगाची भुकटी गरम लाखेत मळून तिच्या कांड्या करतात. वस्तू घासून गुळगुळीत झाली की ती फिरत असतानाच कांडी तिच्यावर दाबतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीचे सुके पान दाबून धरले की ती सारखी पसरते आणि आरशासारखी चमकते. ना ब्रश, ना वाळायची वाट. वनस्पतिजन्य रंग वापरले तर मुलाने खेळणे तोंडात घातले तरी चिंता नाही. एटिकोप्पाकाचे सी. व्ही. राजू यांनी अशाच रंगांवर आयुष्यभर काम केले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बाजार आणि समाज

विदर्भात या वस्तूंना बाजार नाही असे कोणी म्हणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. मोहल्ल्यातली सर्व धर्मांची पोरे हे बैल पाहायला धावतात. त्या बैलांची चाके कातलेलीच असतात. पाळणाघरे, अंगणवाड्या, शाळा यांना खेळणी लागतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले, पण हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांमध्ये सुतार आणि खेळणी बनवणारे हे दोन्ही आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांची मदत आणि तारणाशिवाय कर्ज अशी त्यात तरतूद आहे. वनहक्क कायद्याने २००६ मध्येच गौण वनोपजाच्या व्याख्येत लाखेचे नाव स्पष्ट घेतले. हैदराबादच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या घडवणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. एका गल्लीला जे जमले ते एका जिल्ह्याला का जमू नये?

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपण या निष्कर्षाकडे केवळ मागासलेपणाचा पुरावा म्हणून पाहिले. त्यात एक दुसरी गोष्टही आहे. नोकरी न मिळालेल्या या लोकांनी हात पसरले नाहीत, हात चालवले. त्या हातांना शिक्षण, भांडवल आणि मान या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत. यांतल्या पहिल्या दोन सरकारकडे मागता येतात. तिसरी आपल्याच घरात द्यावी लागते.

ती देण्याची सुरुवात कशी व्हावी, याबद्दल आमचे म्हणणे साधे आहे. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा गावांत आजही हाताने कातलेले पलंगाचे पाय, पाळणे, रवी, खुळखुळे घराघरांत आहेत. ते कोणी कातले, हे सांगू शकणारी म्हातारी माणसेही काही घरांत आहेत. तरुणांनी ती नावे लिहून घ्यावीत. जात-धर्म न पाहता सगळ्यांची घ्यावीत आणि दोरी कोण ओढत होते, तेही विचारावे. मोहल्ल्याच्या वाचनालयाने एक कपाट या वस्तूंसाठी मोकळे करावे. आणि ज्या घरात पहिला लेथ बसेल त्या घरातल्या मुलाला आणि मुलीला पटाशी एकाच दिवशी हातात द्यावी. दोरी ओढायला आता मोटर आहे. मुलीने मागे राहावे, असे कारण त्या यंत्रात तरी उरलेले नाही.